टॉर्चचं ‘पॉलिश’ किती दिवस टिकतं? भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यासाठी कोणतं फिनिश घ्यावं, सोप्या भाषेत

प्रत्येक फोनमध्ये टॉर्च आहे, मग खिशात वेगळी टॉर्च कशाला? शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पडू शकतो. भोर तालुक्यात किंवा वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, राहणाऱ्याला तो सहसा पडत नाही. रात्रपाळीची लाइट आली की पंप सुरू करायला शेतात जावं लागतं. पावसाळ्यात पायवाटेवर घोणस किंवा फुरसं बसलेलं असेल, तर पाय पडायच्या आधी ते दिसायला हवं. तोरणा किंवा राजगड पहाटे चढायचा असेल, तर हात रिकामे आणि उजेड खात्रीचा हवा. फोनचं चार्जिंग त्या उजेडात घालवलं, तर अडचणीच्या वेळी फोन लावणार कशावरून?

म्हणून बरेच जण आता बोटभर लांबीची धातूची टॉर्च खिशात किंवा किचेनला ठेवतात. गावाकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. या लेखात गोंधळ नको म्हणून आपण टॉर्चला टॉर्च म्हणू आणि आतल्या बॅटरीला सेल म्हणू.

आता खरी अडचण. ऑनलाइन टॉर्च शोधायला गेलं की वर्णनात शब्दांचा पाऊस पडतो: ‘एचए थ्री’, ‘मिलिटरी ग्रेड अ‍ॅनोडायझिंग’, ‘पीव्हीडी’, ‘टायटॅनियम’, ‘अँटिक ब्रास’. फोटोत सगळ्याच चकाचक दिसतात. वर्षभरानंतर मात्र एखादी नव्यासारखी असते, एखादीचा रंग उडालेला असतो आणि एखादी पेटतच नाही. हा फरक कुठून येतो? आज आपण तेच समजून घेणार आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकतो: बाहेरच्या ओरखड्याने टॉर्च सहसा मरत नाही. ती मरते आत, जिथे धातू मुद्दाम उघडा ठेवलेला असतो तिथे. त्यामुळे फिनिश बघताना ‘किती चमकतं’ यापेक्षा ‘कोणत्या धातूवर आहे, किती जाड आहे आणि कुठे नाही’ हे बघायचं.

फिनिश म्हणजे नेमकं काय?

धातूच्या पृष्ठभागावरचा शेवटचा थर म्हणजे फिनिश. तो ढोबळमानाने दोन प्रकारे येतो: बाहेरून चढवलेला किंवा धातूतूनच उगवलेला.

चढवलेल्या थराचं उदाहरण आपल्या घरातच होतं. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई करत. भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा आणि वितळलेलं कथील कापसाने फिरवायचं. पितळ वेगळं, कथील वेगळं. घासून घासून कल्हई उडाली की आत आंबट पदार्थ कळकायला लागायचे आणि कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावं लागायचं. टॉर्चवरचा निकेल-क्रोमचा मुलामा, पेंट आणि पावडर कोटिंग हे सगळे याच कुळातले: खाली एक वस्तू, वर दुसरी.

उगवलेल्या थराचं उदाहरणही स्वयंपाकघरातच आहे. काळ्या-करड्या रंगाची ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ कढई किंवा कुकर पाहिला असेल. तो काळा रंग लावलेला नसतो. आपण ज्याला ‘जर्मनचं भांडं’ म्हणतो त्या अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचं रूपांतर करून तो थर तयार होतो. आजच्या बहुतेक चांगल्या टॉर्च अशाच अ‍ॅनोडायझिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असलेल्या बऱ्याच फोनवर आणि लॅपटॉपवरही हीच प्रक्रिया केलेली असते.

अ‍ॅनोडायझिंग कसं होतं?

अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवतात आणि त्याला विजेच्या धन टोकाला जोडतात. ‘अ‍ॅनोड’ म्हणजे धन टोक, नाव तिथूनच आलं. वीज सोडली की पृष्ठभागावरचं अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर वाढत जातो. साधारण अर्धा थर मूळ धातूच्या आत आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणून तो पापुद्र्यासारखा सोलून निघत नाही.

हा थर सूक्ष्म छिद्रांचा असतो, जणू आंबोळीच. त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि मग गरम पाण्यात ठेवून छिद्रं बंद करतात. या शेवटच्या पायरीला सीलिंग म्हणतात. हे तंत्र जुनं आहे. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. तेव्हा क्रोमिक आम्ल वापरत. सल्फ्युरिक आम्लाची पद्धत १९२७ साली पेटंट झाली आणि तीच आज जगभर चालते.

टॉर्चच्या वर्णनात ‘टाइप २’ आणि ‘टाइप ३’ असे शब्द दिसतात. ते अमेरिकी लष्कराच्या ‘मिल-ए-८६२५’ या मानकातले आहेत. फरक असा:

• टाइप २: साध्या तापमानाच्या टाकीत होतं. जाडी साधारण २ ते २५ मायक्रॉन. लाल, निळा, जांभळा असे भडक रंग छान बसतात.

• टाइप ३, म्हणजेच हार्ड अ‍ॅनोडायझिंग: टाकी शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवतात आणि वीज जास्त सोडतात. जाडी साधारण १३ ते ११५ मायक्रॉन, पुष्कळदा ५० च्या आसपास. थर घट्ट आणि कठीण. रंग करडा, काळा किंवा हिरवट-करडा.

अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या डोक्याचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हार्ड अ‍ॅनोडायझिंगही पुष्कळदा साधारण अर्ध्या केसाएवढंच.

‘मिलिटरी ग्रेड’ हे दोन शब्द मात्र एकटे वाचले तर काहीच सांगत नाहीत, कारण टाइप २ सुद्धा त्याच लष्करी मानकातला आहे. ‘टाइप ३’ किंवा ‘एचए थ्री’ स्पष्ट लिहिलंय का, ते बघा.

चावी हरते, वाळू जिंकते

आता टिकाऊपणाचा खरा हिशेब. कोणती वस्तू कोणाला ओरखडते हे कठीणपणावर ठरतं. कठीणपणा मोजायच्या विकर्स मापात टॉर्चचं नेहमीचं अ‍ॅल्युमिनियम (६०६१-टी६) साधारण १०० च्या आसपास येतं. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर ४०० ते ५०० च्या घरात जातो. घराची पितळी चावी किंवा नाणी त्यापेक्षा मऊ असतात. वाळूतला गारगोटीचा कण मात्र १००० च्या वर जातो.

याचा अर्थ सरळ आहे. खिशात टॉर्च आणि किल्ल्या एकत्र असल्या, तर किल्ल्या टॉर्चला फारसं काही करत नाहीत. खिशात वाळू किंवा माती असेल, तर ती दोघांनाही खरवडते.

बऱ्याचदा जो ‘ओरखडा’ दिसतो तो ओरखडाच नसतो. मऊ धातू कठीण थरावर घासला की पाटीवर पेन्सिलीची रेघ उमटावी तशी त्याची चकचकीत रेघ मागे राहते. साधा खोडरबर घ्या आणि घासा. रेघ पुसली गेली तर थर शाबूत आहे. नखाने चाचपल्यावर खाच लागली, तर तो खरा चरा.

गडांवर हिशेब बदलतो. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यातली फेल्स्पारसारखी खनिजं हार्ड अ‍ॅनोडायझिंगपेक्षा कठीण असतात आणि कातळाच्या पोकळ्यांत ठिकठिकाणी गारगोटीही भरलेली असते. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या चढावर हातातली टॉर्च कातळाला घासली, तर टाइप ३ वरही खूण उठणार. यात टॉर्चचा दोष नाही, कातळच वरचढ आहे.

अजून एक गंमत. टॉर्चच्या मागच्या बाजूला चुंबक असेल, तर ती नदीकाठच्या वाळूत ठेवू नका. बेसॉल्ट झिजून झालेल्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात आणि ते चुंबकाला दाढीसारखे चिकटतात. गुंजवणी किंवा नीरेच्या काठावर बसल्या बसल्या हा प्रयोग साध्या चुंबकाने करून बघा. हेच कण पुढे आट्यांत शिरतात आणि झाकण फिरवताना करकर आवाज येतो.

रंग आधी कडांवरच का उडतो?

जुनी टॉर्च नीट बघा. सपाट भाग ठीक असतो, पण कंगोरे पांढुरके झालेले असतात. कारण अ‍ॅनोडायझिंगचा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. दोन बाजू जिथे धारदार कडेवर भेटतात तिथे दोन थर दोन दिशांना जातात आणि मध्ये बारीक फट राहते. पडल्यावर मारही आधी कडेलाच बसतो.

फोनमध्ये हे ठळक दिसलं आहे. २०१२ च्या काळ्या आयफोन ५ च्या कडांवरून चंदेरी अ‍ॅल्युमिनियम डोकावू लागलं, तेव्हा खूप चर्चा झाली होती. २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो टायटॅनियम सोडून पुन्हा अ‍ॅल्युमिनियमवर आला आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या कडेबद्दल पुन्हा तीच चर्चा झाली. दुकानातल्या डेमो फोनवरच्या काही खुणा तर ओरखडे नव्हतेच. स्टँडचं मटेरियल फोनला घासून लागलं होतं आणि ते पुसता येतं, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे आपला खोडरबरवालाच प्रकार.

टॉर्च निवडताना यातून एक सोपी खूण मिळते: कडा थोड्या गोलाकार असलेली टॉर्च घ्या. पकडीसाठी कोरलेली नक्षी फार टोकदार असेल, तर रंग तिथूनच जाणार.

ओरखडा पडला, आता गंज लागेल का?

अ‍ॅल्युमिनियमवरच्या ओरखड्याची फार काळजी करू नका. उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनने लगेच स्वतःवर काही नॅनोमीटर जाडीचा नवा थर तयार करतं. तो पातळ असतो, पण साध्या पावसाच्या पाण्यापुरता पुरतो. लोखंडासारखा तांबूस गंज त्याला लागत नाही आणि ओरखड्यापासून आजूबाजूला पसरतही नाही.

स्वस्तातल्या पत्र्याच्या टॉर्चचं तसं नाही. तिथे लोखंडी पत्र्यावर मुलामा किंवा रंग असतो. एक चरा पडला की पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. बाहेरून बारीक फोड दिसतो, तोवर आत पत्रा खाल्लेला असतो.

म्हणूनच आधी म्हटलं, कोणत्या धातूवर फिनिश आहे ते महत्त्वाचं. एकाच खोलीचा ओरखडा अ‍ॅल्युमिनियमवर फक्त दिसायला वाईट, लोखंडावर मात्र टॉर्चच्या अंताची सुरुवात.

आजोबांची पितळी टॉर्च आणि गोठा

भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घरांत दोन-तीन मोठे सेल लागणारी चंदेरी टॉर्च अजून सापडेल. ती बहुधा पितळेची असते आणि वर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. सजावटी क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. गंजापासून खरं संरक्षण करतो तो त्याखालचा निकेल. निकेल झिजलं की पिवळं पितळ दिसू लागतं आणि घामाने-पाण्याने ते काळवंडतं किंवा हिरवट होतं. पितळेला तांबूस गंज लागत नाही, म्हणून या टॉर्च पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

पितळेचा एक शत्रू मात्र आपल्या गोठ्यातच असतो: अमोनिया. जनावरांच्या मुतातून तो तयार होतो आणि बंद गोठ्यात नाकाला झोंबतो तो हाच. याची जुनी गोष्ट भारतातलीच आहे. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात मोहिमा कमी करून काडतुसं घोड्यांच्या पागेत साठवत. पावसाळा संपल्यावर बाहेर काढली, तर बऱ्याच पितळी काडतुसांना तडे गेलेले असत. ऋतूबरोबर येणारे तडे म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं. काडतूस ओढून घडवताना पितळात ताण राहून जातो, त्यात घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी ओल मिळाली की तडे जातात. पितळ योग्य तापमानाला तापवून तो ताण काढला की प्रश्न सुटतो.

टॉर्चची पितळी नळीही अशीच ओढून, दाबून घडवलेली असू शकते. म्हणून पितळी टॉर्च गोठ्यातल्या खिळ्याला कायमची टांगून ठेवू नका. युरियाच्या किंवा अमोनियम खताच्या पोत्यांजवळही नको. ओटीवर, घरात ठेवा. तांब्याच्या महागड्या टॉर्चलाही हाच नियम लावा, कारण अमोनिया तांब्यालाही खातो.

पीव्हीडी, टायटॅनियम आणि नुसता धातू

पीव्हीडी म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती वस्तूवर बसवणं. सोनेरी दिसणारा टायटॅनियम नायट्राइडचा थर याच पद्धतीचा. तो अत्यंत कठीण असतो, विकर्स मापात २००० च्या आसपास, म्हणजे वाळूपेक्षाही कठीण. पण जाडी फक्त १ ते ५ मायक्रॉन. खालचा धातू मऊ असेल तर हा थर म्हणजे मऊ भातावर ठेवलेला पापड. वरून दाब आला की भात दबतो आणि पापड मोडतो. म्हणून पीव्हीडी स्टीलवर किंवा टायटॅनियमवर शोभतं.

टायटॅनियमला गंजाची भीती जवळजवळ नाही, घामाची किंवा खाऱ्या हवेचीही नाही. पण त्यावरचे निळे-जांभळे इंद्रधनुषी रंग रंगद्रव्याचे नसतात. अतिशय पातळ ऑक्साइड थरातून प्रकाश परावर्तित होताना ते दिसतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे. थर इतका पातळ की खिशात घासून लवकर जातो. शिवाय टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने वीस पटींहूनही हळू. त्यामुळे जास्त उजेडाच्या टॉर्चचं डोकं पटकन तापतं आणि उजेड आपोआप कमी केला जातो.

तांबं, पितळ किंवा स्टेनलेस स्टीलच्या काही टॉर्च मुद्दाम फिनिशशिवाय विकतात. तांबं-पितळ काळवंडणार हे धरूनच घ्या. काहींना तेच आवडतं आणि चिंच-मिठाने पुन्हा चकाकी आणता येते. उडायला थरच नसल्यामुळे ‘फिनिश गेलं’ ही तक्रारही उरत नाही.

आणि प्लॅस्टिकची चार्जिंगची टॉर्च? फिनिशच्या दृष्टीने ती बिनघोर. गंज नाही, रंग उडणं नाही. ती पडल्यावर तडकते किंवा आतला सेल दमतो, तो प्रश्न वेगळा.

टॉर्च खरी कुठे मरते?

आता मुख्य मुद्दा. धातूच्या बहुतेक टॉर्चमध्ये वीज सेलमधून निघून एलईडीत जाते आणि परत येताना टॉर्चच्या नळीतूनच येते. म्हणजे टॉर्चची बॉडी हीच एक वायर असते. पण अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज अडवतो. म्हणून नळीची दोन्ही टोकं, जिथे डोकं आणि मागचं झाकण टेकतं, तिथे थर मुद्दाम काढून धातू उघडा ठेवतात.

संरक्षण नेमकं तिथेच नसतं. तिथे अ‍ॅल्युमिनियम पितळेला किंवा स्टीलच्या स्प्रिंगला टेकलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये घामाचं किंवा कोकणच्या हवेतलं खारट पाणी आलं की एक छोटा सेलच तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. पांढरी भुकटी दिसू लागते. ती वीज नेत नाही, मग टॉर्च लुकलुकते आणि एक दिवस बंद पडते. बाहेरून मात्र नवीकोरी!

दुसरा मारेकरी म्हणजे फुटलेला सेल. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हा तीव्र अल्क अ‍ॅनोडायझिंगचा थरही विरघळवतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियमही. साध्या सेलमध्ये झिंक क्लोराइड असतं आणि जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये नवसागर, म्हणजे तोच कल्हईवाल्याचा. तोही धातू खातोच. सेल फुगून नळीत अडकला, तर तो काढताना टॉर्च वाया जाते.

आणि हे सगळं दुकानातल्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. टॉर्चच्या ‘एफएल-१’ या मानकात उजेड, किती वेळ चालते, किती लांब पोचते, पडल्यावर टिकते का आणि पाणी आत जातं का हे तपासतात. फिनिश किती दिवस टिकेल याची चाचणी त्यात नाही. ‘आयपीएक्स-८’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ पाण्यात बुडाली तरी चालेल एवढाच. रंग टिकेल असा नाही.

तुमचा वापर कोणता? त्याप्रमाणे निवडा

• गड आणि ट्रेक: अ‍ॅल्युमिनियम, टाइप ३, करडा किंवा काळा रंग, गोलाकार कडा. ओरखडे येतील, येऊ द्या. भडक रंग उन्हाने लवकर फिकट होऊ शकतात.

• शेत आणि गोठा: टाइप ३ अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगली प्लॅस्टिक टॉर्च. पितळ-तांबं टाळा. चिखलाच्या हातांनी आटे उघडू नका.

• वरंधा घाट उतरून कोकणात सारखं जाणं-येणं: खारी हवा असते. टायटॅनियम उत्तम. अ‍ॅल्युमिनियम असेल तर आट्यांची देखभाल नियमित हवी.

• कॉलेज, ऑफिस, किचेन: टाइप २ सुद्धा पुरे. आवडीचा रंग घ्या, दोन वर्षांत कडा पांढुरक्या झाल्या तर नवल नको.

पावसाळ्याआधी दहा मिनिटांची देखभाल

१. टॉर्च उघडा. आट्यांवरचं जुनं काळं वंगण सुती कापडाने पुसा. आट्यांवर वाळू राहू देऊ नका.

२. नळीची उघडी टोकं खोडरबरने हलक्या हाताने घासा. पांढरा थर निघून धातू चमकला पाहिजे. रबराचा चुरा झटकून टाका.

३. रबरी रिंग तडकली आहे का बघा. आट्यांना आणि रिंगला उत्पादकाने सांगितलेलं वंगण बोटाच्या टोकाएवढंच लावा. खोबरेल तेल नको, ते पुढे चिकट होतं आणि धूळ धरतं.

४. महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा. ही एक सवय कोणत्याही महागड्या फिनिशपेक्षा जास्त टॉर्च वाचवते.

५. घाम किंवा खारं पाणी लागलं तर झाकण घट्ट असताना ओल्या कापडाने पुसा आणि कोरडी करा.

६. राख, वॉशिंग सोडा, तारेची घासणी वापरू नका. राख खरखरीत तर असतेच, शिवाय अल्कधर्मी असते, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगवर दुहेरी मार. चुना आणि ओलं सिमेंटही लांब ठेवा.

७. अल्कलाइन सेल फुटला असेल तर हातमोजे घालून, कापडावर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या कापडाने पुसून वाळवा. चार्जिंगचा लिथियम सेल फुगलेला किंवा गळका दिसला, तर तो टोचू, दाबू किंवा चार्ज करू नका. ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उडालेलं अ‍ॅनोडायझिंग पुन्हा करता येतं का?
कल्हईसारखं वरून फिरवता येत नाही. आधी सगळा जुना थर रसायनाने काढावा लागतो आणि त्यात थोडा धातूही जातो. आटे सैल होण्याची भीती असते. शिवाय टॉर्च पूर्ण खोलावी लागते. छोट्या टॉर्चसाठी हा खटाटोप परवडत नाही.

मार्कर किंवा नेलपॉलिश लावू का?
दिसण्यासाठी लावा. उघड्या टोकांना आणि आट्यांना मात्र चुकूनही नको, वीज अडेल.

आट्यांनाही रंग आहे, हे चांगलं का?
हो, बऱ्याच टॉर्चमध्ये हा फायदाच असतो. आट्यांवर थर असेल तर वीज फक्त नळीच्या टोकातून जाते. झाकण पाव फेरा सैल केलं की टॉर्च पूर्ण बंद, बॅगेत बटण दाबलं गेलं तरी पेटणार नाही. तुमच्या टॉर्चला हे लागू आहे का, ते झाकण सैल करून बटण दाबून बघा.

थोडक्यात

टॉर्च घेताना चार गोष्टी विचारा: बॉडी कोणत्या धातूची, अ‍ॅनोडायझिंग टाइप ३ आहे का, कडा गोल आहेत का आणि आट्यांवर थर आहे का. घेतल्यावर एकच गोष्ट पाळा, टॉर्च अधूनमधून उघडून आत बघा. बाहेर कितीही चरे असोत, नळीची टोकं स्वच्छ असतील आणि सेल कोरडा असेल, तर रात्री बारा वाजता पंपाकडे जाताना बटण दाबल्यावर वाट दिसेल. पायाखाली काय आहे हे कळण्यासाठी तेवढंच पुरे.

लेख उपयोगी वाटला तर घरात जो रात्री शेतावर जातो, त्याच्या टॉर्चचं झाकण आज एकदा उघडून बघा. पांढरी भुकटी सापडली तर खोडरबर आहेच!